मधला चेंडू

प्रिय वन्सं,

दुपारपासून मला मळमळतंय. पोटाचं काही नाही. जेवणं झाल्यावर तुमच्या दादांनी तोंडात विडा धरून मला एक भाषण वाचून दाखवलं, तेव्हापासून हे सुरू झालंय.

भाषण तुमच्यावर आहे. उद्या संध्याकाळी ते जिमखान्यावर वाचलं जाणार. बायकांच्या डबल्सला यंदापासून करंडक ठेवलाय आणि त्याला तुमचं नाव दिलंय. कैलासवासी मनोरमाबाई करंडक! जिंकणाऱ्या जोडीला तो माझ्या हातून द्यायचा. त्यासाठी मी हिरवा शालू नेसायचा, नथ घालायची आणि हसायचं. "आमच्या घरात स्त्रियांना खेळाची पहिल्यापासून मोकळीक. माझी धाकटी बहीण आणि माझी पत्नी, या दोघी घरच्या प्रोत्साहनानं..." इथवर वाचून हे थांबले आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "कसं वाटतंय?"

मी म्हटलं, "सदऱ्यावर पिंक पडलीय."

दुसरं काय म्हणणार होते? पंधरा वर्षं या घरात काढली, तोंड उघडायची सवय कुठे राहिलीय! आणि ज्या माणसापाशी मी तोंड उघडत होते, त्याच्याच नावाचा चांदीचा पेला आमच्या दिवाणखान्यात टेबलावर ठेवलाय. येणारा जाणारा तो उचलून बघतो आणि बोटांचे ठसे ठेवून जातो. मी पुसत नाही. शिसारी येते मला त्याची.

फोटोही हवा होता म्हणे, हार घालायला. तुमचा एकटीचा फोटो घरात आहे कुठे? मग लग्नातला काढला. तुमच्या शेजारी खुर्चीत बसलेला तो साताऱ्याचा महापुरुष कात्रीनं कापून काढला. दुसरी बायको करून त्यानं तुम्हाला माहेरी धाडलं, तेव्हा कात्री कुणाला सापडली नव्हती! आणि कापतानाही धड कापलं नाही. त्याचं कोपर राहिलंय, वन्सं. तुमच्या पदराला चिकटलेलं, काळ्या कोटातलं कोपर. उद्या त्या कोपरालाही हार पडणार.

म्हणून लिहायला बसलेय. तुम्ही तळेगावला असताना मी तुम्हाला दोन ओळी लिहिल्या नाहीत. आता, तुम्ही नाही तेव्हा, पानंच्या पानं लिहीन असं वाटतंय. किती शहाणी आहे मी!

तुम्हाला आठवतं, हे सगळं सुरू कसं झालं? यांनाच लहर आली होती. रेल्वेत हेडक्लार्क झाले, साहेबाबरोबर जिमखान्यावर जायला लागले, तिथे कुणा डॉक्टरच्या बायकोला खेळताना बघितलं. आठ दिवसांत घरात दोन बॅटी आल्या. तुंगार्लीच्या कुठल्याशा बंगल्यातल्या जुन्या, पण झोकदार. दोन रविवार यांनी परसात आपल्याला शिकवलं, पुढचे सहा महिने जिमखान्यात सांगत फिरले की आमच्याकडे बायका टेनिस खेळतात. तिसऱ्या रविवारी यांना कंटाळा आला. आपल्याला नाही आला, हीच पंचाईत झाली.

त्या पहिल्या रविवारी काय फजिती झाली होती! समोरून हे चेंडू मारणार, अलीकडे आपण दोघी शेजारी शेजारी. चेंडू आला तो बरोबर मधे. तुम्ही म्हणालात, "घ्या ना वहिनी." मी म्हटलं, "छे, तुम्ही घ्या." मानापमान होईपर्यंत चेंडू गोठ्यात, म्हशीच्या पायाशी! दुसराही तसाच, तिसराही तसाच. पंगतीला वाढताना आग्रह करतात तशा आपण उभ्या. वहिनीनं वन्संच्या पुढे हात घालायचा नाही आणि वन्संनी वहिनीच्या हक्काचं घ्यायचं नाही, हेच तर शिकून आलो होतो. हे कमरेवर हात ठेवून हसत होते.

तुम्ही मात्र हसला नाहीत. त्याच संध्याकाळी तुळशीपाशी मला धरून म्हणालात, "हे बघा, इथे 'तुम्ही घ्या' म्हणेपर्यंत चेंडू कुसगावला पोचतो. परसात मी तुला इंदू म्हणणार, तुझं माहेरचं नाव. तू मला मनू म्हण. आणि नियम ऐक. मी उजवीकडे, तू डावीकडे. तुझा उजवा हात मधे येतो. म्हणून मधला चेंडू तुझा. 'माझा!' म्हणून ओरडायचं आणि घ्यायचा. लाजायचं नाही."

मनू! तुमच्याहून चार वर्षांनी मोठी असले तरी वन्संना नावानं हाक! पहिल्यांदा 'माझा' ओरडले तेव्हा मीच दचकले. लग्न झाल्यापासून तो शब्द मी मोठ्यानं म्हटला नव्हता.

मग आपली खरी शाळा भरली. शेवग्याच्या झाडापासून गोठ्याच्या खांबापर्यंत सुतळी, तिच्यावर जुनं लुगडं. पलीकडे कोपऱ्यात सासूबाईंच्या वाळत घातलेल्या गोवऱ्यांतली एक नेमाला. तुम्ही काष्टा घट्ट मारून, पदर खोचून सर्व्हिस करायचात, मी परतवायचे. चेंडू वर फेकताना तुम्ही ओठ मिटून घ्यायचात, आणि तो खाली यायच्या आतच मला कळायचं की गोवरीचे आज दोन तुकडे होणार. माझं परतवणं म्हणजे सगळा आनंदच होता. "उंच नको गं इंदू! जाळीपाशी उभ्या असलेल्या बाईच्या पायाशी पडला पाहिजे. तिला वाकायला लाव." मी रोज चुकायचे आणि तुम्ही रोज तेच सांगायचात. चिडलात मात्र कधी नाही. मीच चिडायचे.

आणि वेळ कुठून काढला आपण? दोघींपैकी जी बाजूला बसलेली असेल, तिचे ते चार दिवस! शिवायचं नाही, शिजवायचं नाही, मग करायचं काय? दुसरीनं दुपारी सासूबाईंचा डोळा लागला की परसात यायचं. दोघींचे मिळून महिन्यातले आठ दिवस. विटाळाच्या कृपेनं टेनिस शिकणाऱ्या बायका उभ्या मुलखात आपण दोघीच असू!

सासूबाईंनी पकडलं तेव्हाचं तुमचं उत्तर मी आजही मनात घोळवते. "विटाळशीनं मारलेला चेंडू घरभर फिरवता, लाज नाही वाटत?" तुम्ही शांतपणे चेंडू त्यांच्यापुढे जमिनीवर ठेवलात. "आई, ही लोकर आहे. धाबळीला विटाळ नाही, मग हिला कसा?" त्यांनी धुण्याच्या काठीनं चेंडू उलटापालटा करून बघितला. लोकरच होती. "आणि बॅटीचा दोरा?" त्यावर ओसरीवरून यांनी वर्तमानपत्र खाली न करता सांगितलं, "रेशमी आहे, आई." लोकरीचा चेंडू, रेशमाचा दोरा! एकदम सोवळ्यातला खेळ. सासूबाईंनी फक्त एक अट घातली. पाचव्या दिवशी आपल्याबरोबर बॅटीवरही पाणी घ्यायचं.

ते पाणीच नडलं. तांब्या तांब्या ओतायच्या त्या. लोणावळ्याची हवा आधीच ओली. माझ्या बॅटीचा दोरा फुगला, सैल पडला आणि एक दिवस तुमची सर्व्हिस परतवताना तटकन तुटला. मी बॅट पिशवीत घालून बाजारात दगडूभाई पिंजाऱ्याकडे गेले. आपल्या गाद्या तेच पिंजतात. त्यांनी तुटलेलं टोक बोटांत चोळलं आणि म्हणाले, "वैनी, ही तात हाय. आतड्याची. माज्या धनुकलीला हाय तीच."

मी म्हटलं, "रेशीम आहे ना?"

"कुनी सांगितलं? रेशीम एवढा मार सोसंल व्हय! आजून तात हाय माज्यापाशी, लावून देतो. पर घरी चालंल न्हवं?"

मी म्हटलं, "चालेल."

हे मी तुम्हाला त्या दिवशी सांगितलं नव्हतं, वन्सं. फक्त 'दुरुस्त करून आणली' म्हटलं. जिमखान्याच्या डबल्सला आपली नावं गेली होती. मॅचला जेमतेम पंधरा दिवस होते, आणि तुम्ही म्हणाला होतात, "जिंकायचं नंतर बघू. आपली दोघींची नावं फळ्यावर खडूनं लिहिलेली मला एकदा बघायचीयत." ते ऐकल्यावर मी आतड्याचीच काय, कशाचीही तात लावून घेतली असती.

आणि आपल्या बोक्यानं घात केला. दुपारी माजघरात सासूबाई बघतात तर मेला बॅट पंजात धरून दोरा कडाकडा चावतोय. त्यांनी सगळ्यांना गोळा केलं. त्या दिवशी हेही घरी होते. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "मांजर रेशीम खात नाही."

त्यांनी यांच्याकडे बघितलं. आणि तुमच्या दादांनी, सुधारक म्हणवणाऱ्या तुमच्या दादांनी, घसा खाकरून काय सांगावं? "मी आणली तेव्हा रेशीमच होतं. मागाहून कुणी काय लावलं, मला काय ठाऊक?"

थू! कागदावर थुंकता येत नाही म्हणून शब्द लिहिला.

सासूबाई आपल्या दोघींकडे वळल्या. "कुणाची ही? कुणी लावून आणली?"

चेंडू मधे आला होता. बरोबर मधे. उजवा हात माझा होता. बॅटीच्या मुठीला माझ्या तांबड्या लुगड्याचा काठ गुंडाळलेला, तुमच्या मुठीला हिरवा. घरात आपल्या दोघींनाच ते माहीत होतं. मी जमिनीकडे बघत राहिले. किती वेळ? एक सर्व्हिस होऊन परत येईल एवढाच. आणि तुम्ही म्हणालात, "माझी. मीच लावून आणली."

का म्हणालात? कुणी सांगितलं होतं तुम्हाला? नियम तुमचाच ना? मग दुसऱ्याच्या चेंडूवर का धावलात? मला आणखी दोन श्वास द्यायचे होतेत. मी बोलले असते! खरंच बोलले असते का? नसते बोलले. म्हणून तर तुमच्यावर चिडते.

वर तुम्ही गप्पही बसला नाहीत. "आतड्याचा एवढा विटाळ असेल तर देवळातला मृदंग काय केळीच्या सालीनं मढवलाय?" त्यावर सासूबाई जे बोलल्या ते लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण त्या भाषणात ते नाही, तेव्हा कुठेतरी असायला हवं. "नवऱ्यानं उगाच नाही टाकली." पोटची आई! तुमचा चेहरा मी तेव्हा बघितला नाही. अजून जमिनीकडेच बघत होते.

बॅट बंबात गेली. तातीचा जळका वास परसापर्यंत भरला होता, तो माझ्या नाकातून आजही जात नाही. पण गंमत ऐका. त्याच बंबाच्या पाण्यानं सासूबाईंनी अंघोळ केली आणि सोवळं नेसून देवघरात गेल्या. आतडं जाळून तापवलेलं पाणी चाललं! मी तेव्हा हेसुद्धा बोलले नाही.

तळेगावच्या मावशींना अर्धांगवायू झाला होता, सोबत हवीच होती, असं कारण सापडलं. शुक्रवारी तुम्हाला गाडीत बसवून दिलं. मला काय झालं असतं हो? मी घरची सून, पदरी मुलगा. चार दिवस शिव्या खाल्ल्या असत्या, महिनाभर अबोला सोसला असता. तुम्ही भावाच्या घरी राहणाऱ्या. तुमचं घर गेलं. एवढा हिशेब मला कळत नव्हता का? कळत होता. पुरता कळत होता.

रविवारी देवळाचं निमित्त काढून मी जिमखान्यावरून गेले. नावं होती, वन्सं. तुम्ही बघितली नाहीत, म्हणून सांगते. फळ्यावर वरून तिसरी ओळ. आधी तुमचं, मग माझं. अक्षर चांगलं होतं. त्यावर आडवी रेघ मारून पुढे वॉकओव्हर लिहिलेलं. दोन बायका खुर्च्यांत बसून सरबत पीत होत्या, न खेळता जिंकल्या म्हणून हसत होत्या. मी पदर ओढून पुढे गेले.

मग तुमचं कार्ड आलं. सगळे वाचणार म्हणून जपून लिहिलेलं. "मावशी बऱ्या आहेत. इथली मागची भिंत फार चांगली आहे. वहिनी, तुम्ही सर्व्हिस सोडू नका." मी उत्तर पाठवलं नाही. काय लिहिणार होते? तळेगाव काही विलायतेत नव्हतं, सकाळच्या गाडीनं जाऊन संध्याकाळी परत आले असते. दोन वर्षांत एकदा गेले नाही. गेले ते विषमज्वरानं तुम्हाला नेल्यावर, बाराव्याला. लाडू वळायला.

तुमची ती भिंत तेव्हा बघितली. तिच्यावर तीन फुटांवर चुन्याची रेघ होती. बॅट नव्हती, मग काय करत होतात तुम्ही? हातानं मारत होतात चेंडू? मावशींना विचारलं तर त्यांना बोलता येत नव्हतं.

गेल्या महिन्यात गादी पिंजायला दिली तेव्हा दगडूभाईंनी विचारलं, "धाकल्या बाई लय दिसांत दिसल्या न्हाईत?" मी सांगितलं. त्यांनी धनुकली खाली ठेवली. "माज्या तातीवरनं काय झालं न्हवं? बाजारात लोक बोलत व्हते." मी म्हटलं, "नाही भाऊ. तात चांगली होती." म्हाताऱ्यानं धनुकली परत उचलली. "तातीत कसलं पाप वैनी? तुमची समद्यांची गादी तिच्यावरच पिंजतो मी." एवढी साधी गोष्ट! सबंध घराला ती कळली नाही, कारण कळून घ्यायची नव्हती. यांची किळस येते, सासूबाईंची येते, करंडकाची, त्या कोपराची येते. पण आरशापुढे कुंकू लावताना जी येते, ती सगळ्यांहून जास्त.

उद्याच्या मॅचला नवे चेंडू नाहीत. लढाई सुरू झाल्यापासून मिळतच नाहीत. लोकर झिजून पार टकले झालेलेच वापरणार आहेत. सासूबाईंना विचारावंसं वाटतं, हे सोवळ्यात बसतात का! त्या येणार आहेत बरं का. पहिल्या रांगेत खुर्ची ठेवलीय. डोळे पाणावायचे आहेत त्यांना.

तर ऐक, मनू. आता 'तुम्ही' पुरे झालं.

तुझी हिरव्या काठाची बॅट माझ्यापाशी आहे. जळलेली तुझी ठरली, म्हणून ही माझी म्हणून वाचली. गोधड्यांच्या चळतीत होती, काल काढली. शालू मी नेसणार नाही. जुनं लुगडं नेसून, काष्टा मारून, बॅट हातात घेऊन जाणार आहे. भाषण होऊ दे. टाळ्या होऊ देत. हे पेला माझ्या हातात देतील तेव्हा मी तो खाली टेबलावर ठेवीन आणि सासूबाईंच्या खुर्चीकडे तोंड करून सांगेन, की ती तात दगडूभाईंकडून मी लावून आणली होती. बॅट माझी होती. आणि अगदी पहिल्या दिवशीही तिच्यावर आतडंच होतं. तेव्हा बोलायचं होतं ते मनू बोलली आणि मी जमिनीकडे बघत उभी होते. पुढे घरात जे व्हायचं ते होईल. तळेगावच्या मावशींना अजूनही सोबत लागते, आणि भिंत तर तिथे आहेच.

आवाज फुटेल की नाही देवाला ठाऊक. तू फक्त एक कर. या खेपेला धावून येऊ नकोस. चेंडू मधे आलाय, तो माझा आहे. तू हात मागे घे.

डावीकडे उभी असलेली,
तुझी
इंदू